दोष सांगणाऱ्याची जीप

धाकटा भाऊ सोळा वर्षांनी आखातातून कायमचा परत आला. बारामतीच्या घरी बॅगा उघडल्या तेव्हा प्रत्येकासाठी काही ना काही निघाले. अम्मीसाठी जानमाज, भाभींसाठी अत्तर, मुलांसाठी चॉकलेटे. सगळ्यांत खाली एक जाड पाकीट होते. त्यात गाड्यांचे फोटो होते. लांब नाकाच्या, रुंद टायरांच्या, लाल-पिवळ्या अमेरिकन गाड्या. तो तिकडे ज्या गॅरेजमध्ये होता तिथे अशा गाड्या दुरुस्तीला येत. सोळा वर्षे त्याने परक्यांच्या गाड्यांची इंजिने उघडली आणि बंद केली.

ईदच्या दिवशी शीरखुर्मा पिता पिता त्याने त्यातला एक फोटो अम्मीपुढे धरला.

"कुणाची रे ही?" अम्मीने विचारले.

"अजून कुणाची नाही, अम्मी. अशी एक आपण घ्यायची आहे. जुनी का असेना."

घरात आजवर मोटारसायकली होत्या आणि फळांच्या धंद्यासाठी घेतलेला मालवाहू टेम्पो होता. घरच्यांना बसून फिरायला अशी गाडी आम्ही कधी घेतली नव्हती. त्यामुळे फोटो सगळ्यांच्या हातून फिरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मोठे गप्प बसले. पुढच्या आठ महिन्यांत आम्ही जुन्या गाड्यांबद्दल बरेच शिकलो. त्याहून अधिक स्वतःबद्दल शिकलो. परदेशातल्या कमाईतून पहिली गाडी घेणारी घरे आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत. आमच्याकडून जे चुकले तेही त्यात येईल.

बाहुबळाच्या गाड्या

अमेरिकेत या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराची, फार महाग नसलेली गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, अशी ही कल्पना. 1964 साली आलेल्या पाँटियाक जीटीओपासून हे पर्व सुरू झाले, असे बहुतेक जाणकार मानतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. पुढे डॉज चार्जर, प्लिमथ रोडरनर, डॉज चॅलेंजर अशी रांगच लागली. जीटीओचे इंजिन सुमारे 6,400 सीसीचे होते. आपल्याकडच्या मारुती 800 चे इंजिन 796 सीसीचे. म्हणजे एका गाडीत आठ मारुतींचे इंजिन! विम्याचे वाढते हप्ते, धुराचे कडक नियम आणि 1973 ची तेलटंचाई यांमुळे दहाएक वर्षांत हे पर्व ओसरले. जुन्या गाड्यांचा शौक मात्र टिकून राहिला.

धाकट्याचे म्हणणे साधे होते. जुनी मस्टँग शोधायची, इंजिनाचे काम स्वतः करायचे. आम्ही चौकशीला लागलो.

परदेशातून रोजच्या वापराची जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडेच लागते. गाडी मुंबई बंदरातूनच आणावी लागते आणि वर भरमसाट कर. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे. तिची फी 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. राहिली भारतातच विकली गेलेली मस्टँग. फोर्डने ती 2016 साली इथे आणली तेव्हा दिल्लीतला शोरूमचा भाव 65 लाख रुपये होता. 2021 साली फोर्डने भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. जी काही जुनी मस्टँग बाजारात येते तिचा भाव ऐकूनच आम्ही फोन ठेवला.

मग हिशेबाची वही निघाली. धाकट्याच्या बचतीतून आधी जकात अदा झाली. अम्मीच्या हजची रक्कम वेगळी काढली. घराचा वरचा मजला आणि त्याच्या मुलीचे शिक्षण यांची सोय झाली. व्याजाचे कर्ज घरात आणायचे नाही, हा अब्बांच्या वेळेपासूनचा दंडक. लग्नात नवरदेवाला फिरवायला गाडी भाड्याने देऊ, पैसे वसूल होतील, असे एका नातेवाइकाने सुचवले. पण पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीचे भाडे घेणे कायद्यात बसत नाही, म्हणून तोही विषय संपला. वहीत शेवटी गाडीसाठी अडीच लाख उरले.

आमचा टेम्पो त्या काळात दारात उभाच असे. फळांची वाहतूक आम्ही बंद केली होती. तो निमगाव केतकीच्या बाजूच्या एका डाळिंबाच्या व्यापाऱ्याला 1,10,000 रुपयांना विकला आणि ती रक्कम धाकट्याच्या हातावर ठेवली. सोळा वर्षे त्याने घर चालवले होते. त्याच्या हौसेत आमचाही वाटा असावा, असे आम्हांला मनापासून वाटत होते.

चाचांनी दाखवलेली वाट

फोटोंचे पाकीट परत कपाटात गेले. धाकटा काही बोलत नव्हता. पण संध्याकाळी गॅरेजमधून लवकर येऊन गच्चीवर एकटाच बसायचा. एके दिवशी चाचा इंदापूरहून आले. त्यांचे वय आता 78. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हसले.

"अमेरिकन गाड्या बघायला तू आखातात गेलास व्हय? आमच्या लहानपणी ऊस कशातून जायचा, ठाऊक आहे का? डॉजच्या ट्रकातून. फार्गोच्या ट्रकातून."

त्यांचे म्हणणे खरे आहे. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले ते सोलापूरचे वालचंद हिराचंद. कळंब गावाजवळच्या माळावर त्यांनी उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. पुढे तिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि आज त्याच ठिकाणी इस्रोच्या अग्निबाणांचेही भाग तयार होतात. याच वालचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. डॉज आणि फार्गोचे ट्रकही निघाले. धाकट्याच्या फोटोंतले चार्जर आणि रोडरनर याच क्रायस्लर घराण्यातले. अमेरिकेत मसल कार निघाल्या तोवर आपल्याकडे परदेशी गाड्यांवर निर्बंध आले होते आणि कुर्ल्याला फियाट बनत होती. नाहीतर इंदापूरच्या रस्त्यावर चार्जरही दिसली असती!

"आणि जीप?" चाचा म्हणाले. "जीप कुठली? तीही तिकडचीच की."

जीप दुसऱ्या महायुद्धासाठी तयार झाली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड कंपनीने ती बनवली, फोर्डनेही बनवली. युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा निघाल्या. भारतात त्या जोडायला सुरुवात केली ती महिंद्रांनी, 1947 साली. या कंपनीचे मूळ नाव आपल्या वाचकांतल्या अनेकांना माहीत नसेल. 1945 साली लुधियानात ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. 1948 साली कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.

त्या रात्री धाकट्याने स्वतःच विषय काढला. मस्टँग सरळ रस्त्यावर पळण्यासाठी, जीप चिखलातून निघण्यासाठी. ताकद दोघींत आहे. "पेट्रोलची जुनी सीजे मिळाली तर घेऊ," तो म्हणाला. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, फौजेची नसलेली. विलीजचे चार सिलिंडरचे 'हरिकेन' इंजिन महिंद्रांनी इथेही बनवले होते. 2,199 सीसी, ताकद सुमारे 75 अश्वशक्ती. आठ सिलिंडरच्या मानाने लहानच. पण आमच्या वहीत बसणारे होते.

राशीत घातलेला हात

पहिली जीप इंदापूरजवळ महामार्गाच्या कडेला जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडे मिळाली. हिरवा रंग चकाकत होता, टायर नवे होते, पुढे लोखंडी गार्ड आणि वर चार दिवे. मुले सोबत होती, ती लगेच चढून बसली. भाव तीन लाख चाळीस हजार. बोलता बोलता तीन लाख वीसवर आला. आम्ही विसार म्हणून दहा हजार रुपये खिशातून काढले होते. धाकटा म्हणाला, "थांबा, आधी बघू द्या."

त्याने काय काय पाहिले ते इथे सांगतो, कारण मेकॅनिक नसलेल्या माणसालाही यातले बरेच करता येते.

आधी त्याने बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गरम होते. म्हणजे आम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवलेली. जुन्या इंजिनाचे दुखणे थंड असताना सुरू केल्यावर कळते. म्हणून गाडी सकाळी, न सांगता जाऊन पाहावी. सुरू केल्यावर धुराचा रंग बघावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पांढरा धूर सतत येत राहिला तर पाणी आत शिरते आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जळते आहे. ऑइलचे झाकण उघडून आत दुधासारखा फेस दिसला तर गाडी घेऊ नये.

मग त्याने किल्लीच्या जुडग्यातले लोहचुंबक काढले आणि पत्र्यावरून फिरवले. चांगल्या पत्र्याला चुंबक टक्कन चिकटते. इथे दाराखाली आणि मागच्या चाकांवर ते चिकटेचना. गंजलेल्या भोकांत लांबी भरून वर रंग दिला होता. खाली वाकून टॉर्च मारला तर चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, नवे काळे डांबर फासलेले. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबले तसे पोपडे पडले. नव्या टायरांवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून 'नवे' टायर नऊ वर्षांचे निघाले.

शेवटी त्याने आरसी बुक मागितले. बुकात इंधन 'पेट्रोल' लिहिलेले आणि गाडीत डिझेल इंजिन. ही गोष्ट जुन्या जिपांमध्ये सर्रास आढळते. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी डिझेल इंजिने बसवली, पण आरटीओत त्याची नोंद केली नाही. इंजिनाचा नंबर बुकाशी जुळत नसेल तर गाडी तुमच्या नावावर होणे अवघड. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली स्पष्ट केले आहे.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आम्ही विचारले.

"तुम्ही विचारलं कुठं?" तो शांतपणे म्हणाला. "जुनी गाडी आहे, साहेब. बघून घ्यायची असते."

परतीच्या वाटेवर आम्ही त्याला खूप बोललो. खोटारडा, हरामाची कमाई खाणारा. अम्मी जेवताना सगळे ऐकत होती. तिने मुलांना जवळ घेतले आणि त्यांना ठाऊक असलेलाच प्रसंग पुन्हा सांगितला. हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर वर कोरडे आणि आत भिजलेले दाणे. ओले दाणे वर का ठेवले नाहीत, गिऱ्हाइकाला दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला सुनावले. मुलांना चुंबकाची गंमत लगेच त्या राशीशी जुळवता आली.

मग धाकट्याने सहज विचारले, "आपल्या टेम्पोचं इंजिन कसं होतं? व्यापाऱ्याला सगळं सांगून दिलात ना?"

आमचा टेम्पो

कुणी उत्तर दिले नाही. सांगतो, वाचकहो. टेम्पोचे इंजिन दोन वर्षांपासून ऑइल खात होते. चढाला मागे निळा धूर निघायचा. व्यापारी बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्यात जाड ऑइल भरले. त्याने धूर काही दिवस दबतो. व्यापाऱ्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. ऑइल एकाने ओतले, दुसरा शेजारी उभा होता, तिसऱ्याने घरातून कापड आणून दिले. म्हणून या लेखात आम्ही 'आम्ही' असेच लिहिले आहे.

इंदापूरच्या त्या माणसात आणि आमच्यात फरक शोधायचा प्रयत्न रात्रभर केला. तो धंदा करतो, आपण एकदाच केले. त्याचे तीन लाखांचे, आपले एक लाखाचे. सकाळी फज्रनंतर अम्मीने एवढेच विचारले, "निमगावला कधी जाताय?"

बारामतीहून भवानीनगर, जंक्शन, मग निमगाव केतकी. हा रस्ता आम्ही शेकडो वेळा गेलो आहोत. इतका लांब तो कधीच वाटला नव्हता. व्यापारी शेडमध्ये डाळिंबाची प्रतवारी करत होते. टेम्पो बाजूला उभा होता. आम्ही सगळे सांगितले. टेम्पो परत घेतो, नाहीतर झालेला खर्च देतो, असेही सांगितले.

आम्हांला वाटले होते ते खूश होतील. ते संतापले. गाडी घेतल्यावर पाचव्या आठवड्यात भर रस्त्यात बंद पडली होती. माल पुण्याच्या मार्केटला वेळेत पोहोचला नाही, दुसरी गाडी करावी लागली. पिस्टन-रिंगचे काम 22,000 रुपयांत झाले, दुसऱ्या गाडीचे 6,000 गेले. "मेकॅनिकनं सांगितलं होतं मला, जाड ऑइल घातलंय म्हणून," ते म्हणाले. "तुमच्या आब्बांची आमच्या वडलांशी ओळख होती. त्या ओळखीवर मी झाकण उघडून पाहिलं नाही."

अब्बांचे नाव निघाले तेव्हा आमच्या माना खाली गेल्या. 28,000 रुपये मोजून त्यांच्या हातात दिले. त्यांनी पुन्हा मोजले. चहा विचारला नाही. धाकट्याने टेम्पोखाली जाऊन एक गळणारी नळी आवळली, हात पुसले आणि आम्ही निघालो.

गाडीसाठीची रक्कम आता 3,32,000 राहिली. घरात त्यावर कुणी काही बोलले नाही. रात्री सगळ्यांना झोप मात्र लागली.

वालचंदनगरची वही

दीड महिन्याने त्याच व्यापाऱ्यांचा फोन आला. आधी टेम्पोच्या क्लचचे विचारले. मग म्हणाले, "तुम्हांला जीप पाहिजे होती ना? वालचंदनगरला एक रिटायर माणूस आहे. कारखान्यात होता. त्याची बघून या."

आम्ही सकाळी सात वाजता, न कळवता गेलो. गृहस्थ अंगणात पाणी मारत होते. जीप पत्र्याच्या शेडखाली उभी होती. फिकट खाकी रंग, ठिकठिकाणी उडालेला. मुलांचे तोंड पडले. गृहस्थांनी आत जाऊन एक जाड वही आणली आणि धाकट्याला म्हणाले, "आधी हे वाचा, मग गाडी बघा."

वहीत सत्तावीस वर्षांचा हिशेब होता. ऑइल कधी बदलले, कोणत्या किलोमीटरला, पाटे कधी नवे टाकले, ब्रेकचे काम कुणी केले. शेवटच्या पानावर 'सध्याचे दोष' असा मथळा आणि खाली सात ओळी. स्टिअरिंगला खेळ आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नये, दात घासतात. उजव्या बाजूचा तळपत्रा कुजला आहे. रेडिएटर एकदा झाळलेला आहे. पेट्रोलचा काटा चालत नाही, काठी घालून बघावे. डाव्या मागच्या ड्रममधून थोडे ऑइल येते. हॉर्न पावसात बंद पडतो.

धाकट्याने चुंबक काढले आणि परत खिशात ठेवले. मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा काढून सगळीकडे फिरवले. वहीत होते तेवढेच निघाले, एक ओळ जास्त नाही. चासी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. बुकात पेट्रोल आणि गाडीत पेट्रोल, मूळचे हरिकेन. थंड इंजिन तिसऱ्या फेऱ्यात सुरू झाले. फोर-व्हीलचे दोन्ही दांडे पडले. पलीकडच्या नांगरट केलेल्या रानातून जीप बैलाच्या चालीने गेली आणि परत आली. धाकट्याच्या तोंडावर सोळा वर्षांपूर्वी विमानतळावर पाहिलेले हसू होते.

भाव तीन लाख दहा हजार सांगितला. धाकटा घासाघीस करायला लागला तसे गृहस्थ म्हणाले, "सात दोषांचे पैसे मी आधीच वजा केलेत. आठवा सापडला असता तर मागा." तीन लाखांवर सौदा मिटला. वरचे दहा हजार त्यांनी रेडिएटरसाठी सोडले.

कागद हीच खरी गाडी

पैसे बँकेतून दिले, रोख नाही. साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्यावर तारीखच नाही तर वेळही लिहिली. त्या वेळेआधीचे चलन-अपघात त्यांचे, नंतरचे आमचे.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. अनेक जण कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाच्या नावावर फिरवतात. हे दोघांनाही घातक आहे. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. बुकावर ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितले आहे. आमचा टेम्पोही अजून आमच्याच नावावर होता! तो आम्ही त्याच आठवड्यात व्यापाऱ्यांच्या नावावर केला. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुके बारामती आरटीओकडे, म्हणजे एमएच 42 मध्ये येतात, त्यामुळे ना हरकत दाखल्याचे काम पडले नाही. दुसऱ्या कार्यालयाकडची गाडी घेत असाल तर फॉर्म 28 चा दाखला आधी मागा. गाडीवर पूर्वी कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म 35 मागा. दंडाची चलने परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघता येतात.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. जुन्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. पासिंग किती दिवस उरले आहे, हे भाव ठरवण्याआधी बघावे. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. त्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायचा असतो. पीयूसी आणि नव्या पद्धतीच्या नंबरप्लेटचा खर्च धरून ठेवावा. एकूण रकमेतला दहावा हिस्सा तरी पहिल्या दुरुस्तीसाठी हातात राहू द्यावा. आमच्याकडे कागदांचा खर्च जाऊन 24,000 उरले. तळपत्रा, स्टिअरिंग आणि ड्रमचे सील त्यात झाले. हॉर्न अजून पावसात बंद पडतो.

पहिली फेरी

आता जीप आमच्या दारात असते. एका रविवारी धाकट्याने अम्मीला पुढच्या सीटवर बसवले. चढायला स्टूल लागले. मागे सगळी पोरे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आले होते, ते बघायला निघालो. ताशी पन्नासच्या वर गाडी थरथरते, त्यामुळे ऊस नेणारे ट्रॅक्टर सोडले तर सगळ्यांनी आम्हांला मागे टाकले. अम्मीने ओढणी घट्ट धरली होती. पोहोचल्यावर म्हणाली, "फोटोतल्या गाडीत माझं स्टूल मावलं नसतं."

पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावला आज नव्या जीपा बनतात, त्यांचा भाव आमच्या वहीत कधी बसणार नाही. आमच्या जीपची वही मात्र गाडीतच असते. धाकट्याने वालचंदनगरच्या पानांखाली रेघ मारून पुढे लिहायला सुरुवात केली आहे. 'सध्याचे दोष' या पानावर सातपैकी तीन ओळी खोडल्या आहेत आणि परवाच एक नवी लिहिली आहे: मागे घेताना क्लच घसरतो.